दोन हौदांचे देऊळ

नगरला परतून आता बरेच दिवस झाले, तरी आमच्या मंडळीच्या मासिकाने मागितलेला लेख माझ्या हातून पुरा झालेला नाही. संपादकांना हवा होता वर्धा जिल्ह्यातील एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा आरंभीचा इतिहास: प्रथम कोण आले, उपासना कोठे भरली, देवळाचा पाया कोणी घातला. आम्ही नगरकडचे जुने ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई एवढे सहज लिहील, असे त्यांना वाटले असावे. परंतु मी उभ्या नोकरीत दुसऱ्यांचे निबंध तपासले. स्वतः लिहिण्याचा धीर केला तो निवृत्तीनंतर, आणि चारचौघांत बोलण्याचा धीर तर आजही होत नाही. तेव्हा इतिहास बाजूला ठेवून, जे पाहिले ते प्रवासाच्याच क्रमाने लिहिते. गावाचे नाव लिहू नको, असे मला कोणी सांगितलेले नाही. माझेच मन होत नाही. देवळीहून एसटीने फार दूर नाही, एवढे पुरे.

गुरुवार

पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीचा गुरुवार होता. वर्ध्याला उतरले तेव्हा एप्रिलचे ऊन स्थानकाच्या फरशीवरून वर येऊन तोंडावर आदळत होते. आमच्याकडचे ऊन डोक्यावर पडते. इकडचे चहूबाजूंनी घेरते. देवळीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापसाची बोंडे लागली आहेत, असा मला क्षणभर भास झाला. कापसाने भरलेल्या गाड्या त्या वाटेने जातात, आणि काट्यांना अडकून राहिलेल्या कापसाने सबंध रस्ताच पांढरी झालर लावल्यासारखा दिसतो.

शेजारी बसलेल्या बाईंनी विचारले, "कोनाकडं चालल्या, मॅडम?"

"चर्चमध्ये," मी हळूच म्हणाले.

"म्हंजे हौदवाल्याकडं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाकावरच्या कंडक्टरला ओरडून सांगितले, "भाऊ, यायले हौदवाल्याइथं उतरवजो बरं!"

मी आधीच संकोचलेली. त्यातून सारी बस माझ्याकडे वळून पाहू लागली. ख्रिस्ती लोकांना मी नाना नावांनी हाक मारलेली ऐकली आहे, त्यांतली सगळीच लिहिण्याजोगी नाहीत. पण हौदवाले? ही काही निंदा असेल का, याचाच विचार करीत मी उतरले.

देऊळ म्हणजे टिनाच्या छपराची बुटकी, लांबट इमारत. घंटा नाही, मनोरा नाही. समोरच्या अंगणात मात्र एकाशेजारी एक असे दोन हौद. एक बसका, आत उतरायला पायऱ्या असलेला आणि कोरडा. तो काय असेल ते मी ओळखले. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाण्याचे चार थेंब पडले की बाप्तिस्मा झाला. ही मंडळी जाणत्या माणसाला सबंध पाण्याखाली घालून बाहेर काढते. दुसरा हौद उंच भिंतीचा. आतल्या बाजूने पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढलेली, आणि पाणी त्या रेघेला बरोबर टेकलेले. कडुनिंबाची सावली त्यात पडली होती. गावात पाण्याची एवढी टंचाई असताना हा भरलेला हौद पाहून डोळे निवले.

मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे, दौलतराव दोन्ही हात जोडून सामोरे आले. "जय ख्रिस्त, मॅडम." आमच्याकडे आम्ही एकमेकांना सलाम म्हणतो, माझ्या तोंडून सलामच निघाले, आणि त्यांनी ते हसून घेतले. साठीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या पत्नी शांताबाई मात्र दोघांच्या वाटचे बोलणाऱ्या. रात्री त्यांनी पातोडीची भाजी वाढली: बेसनाच्या वड्या आणि वर लालभडक तर्री. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफा निघाल्या.

"तिखट झालं का वो?"

"छे, मुळीच नाही."

"मंग डोये काऊन भरले?" आणि त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की मलाही हसू आले. पाण्याचे गडवेच्या गडवे मी रिकामे केले.

माझी सोय देवळाला लागून असलेल्या खोलीत होती. न्हाणीत बादली होती, पाणी नव्हते. प्रवासाने अंग चिकट झालेले. कोणाला तरी विचारावे हे खरे; पण शांताबाई नुकत्याच घरी गेल्या होत्या, आणि एवढ्यासाठी त्यांना पुन्हा हाक मारणे मला जमले नाही. समोर हौद भरलेला होता. मी त्यातून बादल्या भरून घेतल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेही घेतल्या, आणि त्याच पाण्यात साडी धुऊन वाळत घातली.

शुक्रवार

शुभ शुक्रवारची उपासना दुपारी सुरू झाली. येशूच्या वधस्तंभावरील सात वचनांवर आमच्याकडे सात विद्वान बोलतात आणि पाचव्या वचनाला श्रोते घड्याळ पाहू लागतात. येथे सातही जण साधे लोक होते: एक गवंडी, एक शिवणकाम शिकवणारी मुलगी, एक म्हातारे शेतमजूर. "मला तहान लागली आहे" हे वचन शांताबाईंच्या वाट्याला होते. हसऱ्या शांताबाई त्या दिवशी हसत नव्हत्या.

"मानूस पानी मांगून राह्यला होता," त्या म्हणाल्या. "पान्यावाचून मानूस जाते. पानी असाले पाहिजे होतं, अन् नव्हतं." एवढे बोलून त्या खाली बसल्या.

सारी मंडळी रडत होती. दौलतरावांनी मान इतकी खाली घातली होती की त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नागपूरहून नव्याने आलेले तरुण पाळक, म्हणजे पाद्री, थोडे गोंधळून पुढच्या वचनाकडे वळले. मलाही नवल वाटले. इतक्या अपुऱ्या प्रवचनाने माणसे इतकी कशी हलतात? सकाळी घेतलेल्या थंड पाण्याच्या स्नानाने मी तेवढी एकटी ताजीतवानी होते.

शनिवार

शनिवार हा मंडळीचा वर्धापनदिन, असे निमंत्रणात लिहिले होते. आमच्या मंडळीचा वर्धापनदिन म्हणजे रंगीत कागदांच्या पताका, मटणाच्या डेगी, जिलब्यांचे ताट आणि लांबलेली भाषणे. मी पहाटे उठले, हौदाच्याच पाण्याने स्नान केले, ठेवणीतली साडी नेसले आणि चहाची वाट पाहत बसले.

चहा आला नाही. बाहेर येऊन पाहिले तर मंडळीच्या एकाही घरातून धूर निघत नव्हता. मुले ओट्यांवर बसून भिजवलेले हरभरे आणि गूळ खात होती. शांताबाईंनी आदल्या दिवशीची ज्वारीची भाकर आणि कांदा माझ्यापुढे ठेवला.

"आज आमच्या इथं चूल पेटत नाई, मॅडम. इस्तू लावत नाई आमी. बिडीसुद्धा नाई."

मी विचारले, "वर्धापनदिन ना आज?"

"होये. म्हनूनच." त्या माझ्याजवळ, कडुनिंबाखाली, भरल्या हौदाच्या भिंतीला टेकून बसल्या. "तुमी इतिहास लिवाले आल्या ना? मंग हे आयका. देऊळ मागाहून झालं. आधी हा हौद."

त्यांनी सांगितलेले मी माझ्या शब्दांत देते.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दौलतराव या गावातल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, फिटर होते. सायकलवरून फिरणारे एक प्रचारक तेथे येत, आणि सुटी झाल्यावर कामगारांची काही कुटुंबे कारखान्याच्या हौदाच्या सावलीत त्यांच्याबरोबर प्रार्थनेला बसत. जेथे कापूस आहे तेथे आगीसाठी हौद असतोच, आणि तो सदैव भरलेला ठेवावा लागतो. पुढे या कुटुंबांनी बाप्तिस्मा घेण्याचे ठरवले. जवळची नदी आटलेली. मालकांनी परवानगी दिली: पुनरुत्थानाच्या रविवारी कारखाना बंद असेल, हौदात उतरा. शनिवारी दुपारी सारे हौदापाशी जमले तर पाण्यावर शेवाळ आणि मेलेली बेडके.

"देवाच्या कामाले असं पानी?" शांताबाई म्हणाल्या. "समद्यायले वाटलं, धुवून काढू. संध्याकाळपावतर पंप भरून देते. आमच्या यायनं पानी सोडाचं चाक फिरवलं अन् हौद खाली केला. आमी समदे आत उतरलो. बाया, लेकरं, समदे. घासून राह्यलो होतो अन् गानं म्हनून राह्यलो होतो. तितक्यात लाईन गेली, पंप बंद. आमी म्हटलं, येईन लाईन. अन् गानं चालूच."

माझ्या हातातली भाकर हातातच राहिली.

"हौदाच्या आत होतो, म्हून आमाले काई दिसलं नाई. अंगनातल्या कापसाच्या गंजीले आग लागली होती. श्यामराव चौकीदार बादली घेऊन हौदाकडं धावला. त्यानं वरून बादली टाकली, मॅडम. ती माह्या पायापाशी येऊन पडली. टन्नकन वाजली. मंग आमचं गानं थांबलं."

श्यामराव ओली पोती घेऊन आगीवर गेला, आणि पेटलेली गंजी त्याच्या अंगावर ढासळली. घरी बायको होती वच्छलाबाई, आणि कडेवरची मुलगी.

मंडळ्यांचे आरंभ मी अनेक वाचले आहेत. त्यांत छळ असतो, उपासमार असते, पण तो नेहमी दुसऱ्यांनी केलेला असतो. स्तोत्र गात गात, पवित्र कामासाठी, कोणाच्या मरणाची तयारी करून ठेवलेली मंडळी मी कधी वाचली नव्हती.

त्या रविवारी बाप्तिस्मा झाला नाही. तेरवी झाल्यावर ही कुटुंबे वच्छलाबाईंच्या अंगणात जाऊन उभी राहिली. दौलतरावांनी आधीच साऱ्या गावासमोर सांगितले होते की चाक त्यांनी फिरवले. त्यांची नोकरी गेली होती. आता बाप्तिस्मा नको, प्रार्थना नको, असेच सर्वांच्या मनात होते. वच्छलाबाई म्हणाल्या, "तुमी काई बी करा. पन या गावात असा एक हौद पाहिजे का जो कधीच खाली राह्यला नाई पाहिजे. अन् तो भरल्याबिगर तुमचा एकही मानूस पान्यात उतराचा नाई. मी पाह्याले येईन."

कारखान्याच्या जळालेल्या शेडच्या विटा मागून आणून त्यांनी हा हौद बांधला. नंतर बाप्तिस्म्याचा, आणि सर्वांत शेवटी देऊळ. या भागात लोक कापूस घरातच भरून ठेवतात. कोणाच्याही घरी ठिणगी पडली की सारा गाव येथे धावतो. म्हणून हौदवाले. आणि वच्छलाबाई दर रविवारी येतात, रेघ पाहतात आणि जातात. त्या ख्रिस्ती नाहीत. होण्याचा प्रश्नही नाही. पण त्यांनी "उतरा" म्हटल्याशिवाय येथे आजवर कोणाचाही बाप्तिस्मा झालेला नाही.

"उद्या कोणाचा आहे?" मी विचारले.

शांताबाईंनी इकडेतिकडे पाहिले. "मंदाचा. काल बोलली ते शिलाईवाली पोरगी. वच्छलाबाईचीच लेक ते. मायच आनाची तिले बोट धरून, हौद पाह्याले. माय हौद पाहे, अन् लेक गानं आयके. एका वर्सापासून मांगून राह्यली मायले. माय काईच बोलत नाई. उद्या काय म्हनते कोन जाने."

त्या उठून गेल्यावर मी वळून हौदात पाहिले. पाणी रेघेच्या दोन बोटे खाली होते.

ते स्नान, ती धुतलेली साडी! लगेच जाऊन सांगायला हवे होते. मी उठलेही, पण अंगणात माणसे होती, आणि मी पुन्हा बसले. दोन बोटे कोणाच्या ध्यानात येणार, असे मी मनाशी म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी उजाडताच बादली घेऊन विहिरीकडे गेले, तर तेथे बायकांची गर्दी. परकी बाई म्हणून त्या माझ्याकडे पाहू लागल्या, आणि मी रिकामी बादली घेऊन परत फिरले.

रविवार

उपासना झाली. बाप्तिस्म्याचा हौद भरलेला होता. पाळक पांढऱ्या झग्यात पायऱ्यांशी उभे होते. मंदा पांढरी साडी नेसून खाली मान घालून उभी. सारी मंडळी अंगणात, आणि फाटकाबाहेर गावातले बरेच लोक.

वच्छलाबाई आल्या. नऊवारी, कपाळ मोकळे, हातात काठी. लेकीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. सरळ भरल्या हौदाशी गेल्या, भिंतीवर हात टेकला आणि वाकल्या. बराच वेळ तशाच राहिल्या.

मग त्यांनी मान वळवली.

"दौलत. पुन्हा?"

एवढेच. दौलतराव पुढे आले, त्यांनी आत पाहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तो मी पुन्हा कधी पाहू इच्छित नाही. ते भिंतीला धरून खाली बसले. "वहिनी, गुरुवारी म्या हातानं भरला होता. रेघेपावतर."

"सबद देल्ता तू मले."

"उन्हाने आटले असेल, आजी," पाळक मध्येच म्हणाले. "दोन बोटांचा तर प्रश्न आहे."

वच्छलाबाई म्हणाल्या, "तवाबी तुमी असंच म्हटलं होतं. येईन लाईन."

मला मार्ग मिळाला होता. उन्हाने आटले, असे सर्वांनी मानले असते. पण दौलतराव खाली बसले होते, आणि मंदा पायऱ्यांपासून मागे सरली होती. माझ्याच तोंडून माझा आवाज मी ऐकला. तो फार बारीक होता.

"ते पाणी मी घेतले. स्नानाला."

कोणीतरी "अवं माय!" म्हणाले. शांताबाईंनी तोंडावर पदर धरला. मी पुढे काहीतरी बोलू लागले, की न्हाणीत पाणी नव्हते, मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक झाल्यावर सांगण्याचे धैर्य झाले नाही. वच्छलाबाई जवळ आल्या. माझ्या ठेवणीतल्या साडीकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिले.

"मांगाले लाजल्या?"

"हो."

"कोन गावच्या?"

"नगरच्या."

"तिथं तुमच्या चर्चात हौद नाई?"

"नाही."

"मंग आग लागली तं काय करता?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचे होते.

"आज नाई," असे म्हणून त्या हौदाच्या कट्ट्यावर बसल्या. पण निघून गेल्या नाहीत. ते प्रथम मंदाच्या लक्षात आले. तिने देवळाच्या ओट्यावरचा गुंड, म्हणजे आपल्याकडची घागर, उचलला आणि त्या पांढऱ्या साडीतच विहिरीकडे निघाली. तिच्यामागे मी निघाले. मग सारेच. बाप्तिस्म्याचा हौद भरण्यात मंडळीची विहीर तळाला गेली होती. शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या बायकांनी आपल्या विहिरीचा दोर आमच्या हाती दिला. "घ्या मॅडम, पन वढता येते का तुमाले?" एकीने विचारले. येत नव्हते. पहिला गुंड अर्धा माझ्याच अंगावर सांडला, आणि त्या दिवशी प्रथमच कोणीतरी हसले.

खेपा होत राहिल्या. वच्छलाबाई रेघेवरून नजर हलवत नव्हत्या. मंदा शेवटचा गुंड घेऊन आली तेव्हा तिची साडी चिखलाने भरली होती. तिने पाणी ओतले. ते हलत राहिले, मग स्थिर झाले, आणि रेघेला लागले.

मंदा रिकामा गुंड कमरेवर घेऊन तशीच उभी होती. पाळकांनी बोलण्यासाठी तोंड उघडले. शांताबाईंनी त्यांचा झगा ओढून त्यांना गप्प केले.

"साडी बदलशीन का अशीच उतरशीन?" वच्छलाबाई म्हणाल्या.

मंदाने मानेनेच सांगितले की अशीच.

"जाय मंग. उतर."

सर्वजण त्या दुसऱ्या हौदाकडे वळले. वच्छलाबाई वळल्या नाहीत. दौलतराव हात पुढे करून म्हणाले, "वहिनी, या ना, समोर उभ्या राहा. लेक हाय तुमची."

"समदेच तिकडं पाहू नोका," त्या म्हणाल्या. "तिकडं तुमी पाहा. इकडं मी पाह्यतो."

ज्या बाप्तिस्म्याचे वर्णन लिहिण्यासाठी मी एवढ्या दूर गेले होते, तो मी पाहिलेला नाही. माझ्यामागे गीत सुरू झाले, आणि मी मात्र त्या भरल्या हौदाशी वच्छलाबाईंच्या बाजूला उभी राहिले, निथळत. बाप्तिस्म्याच्या हौदाकडे पाठ करून त्या काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. त्यांची नजर अंगणावरून, छपरांवरून, लांबच्या कापसाच्या गाड्यांवरून फिरत होती. जणू कोठे धूर दिसतो का ते पाहत होत्या. मागे गीत थांबले. पाळकांचे शब्द ऐकू आले, आणि मग पाण्यात माणूस बुडाल्याचा आवाज.

वच्छलाबाईंनी हौदाची कड घट्ट धरली. मुलगी पाण्याबाहेर येऊन खोकलेली ऐकू आली, तेव्हाच त्यांनी ती सोडली.